गेरूची नखं

१

सूप रिकामं झालं आणि ट्रान्झिस्टर निघालाच नाही.

आंबेखिंडीच्या हायस्कूलच्या पटांगणात त्या रविवारी पासलीपासून भाटघरपर्यंतची माणसं जमली होती. साल चौऱ्याहत्तर, महिना जानेवारी. शाळेचा मुलींचा खो-खोचा संघ जिल्ह्यात पहिला आला होता आणि शुक्रवारी त्याला मोठ्या सामन्यांसाठी पुण्याला जायचं होतं. मुलींना बूट नव्हते, एस.टी.चं भाडं नव्हतं. संस्थेकडे देण्यासारखं फक्त मार्गदर्शन होतं आणि ते ती सढळ हातानं देत होती.

तेव्हा चित्रकलेच्या सोपान मास्तरांनी युक्ती काढली. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बक्षिसाचं चित्र काढायचं, त्यावर मेणबत्ती घासायची आणि वरून साबणाच्या पाण्यात कालवलेल्या गेरूचा हात मारायचा. चार आण्याला एक कार्ड. नखानं खरवडा, खाली निघेल ते तुमचं. कुणाला पेन्सिल, कुणाला कंगवा, कुणाला वाटी, आणि बहुतेकांना ‘आभारी आहोत’. एकाच कार्डाखाली ट्रान्झिस्टर होता. तो संस्थेचे अध्यक्ष सर्जेराव यांनी दिला होता. सकाळपासून तो टेबलावर गळ्यात हार घालून बसला होता.

पुठ्ठाही अध्यक्षांचाच. त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिका भोरच्या एका छापखान्यानं चुकवल्या, सकाळचा मुहूर्त संध्याकाळचा छापला. ते सगळे गठ्ठे अध्यक्षांनी शाळेला दान केले. वाया गेलेली वस्तू दान करण्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. त्यामुळे कार्ड पुढून लाल आणि पाठीवर लग्नाचं. एकाच्या पाठीवर ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, दुसऱ्याच्या पाठीवर ‘कृपया आहेर आणू नये’.

उद्घाटन रीतसर झालं. कार्डांचा गठ्ठा ताटात घालून अध्यक्षांपुढे धरला. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, गठ्ठा उलटासुलटा चाळला आणि भवानी म्हणून एक कार्ड स्वतः घेतलं. दिवसाची पहिली विक्री वजनदार हातानं झाली की धंदा चांगला होतो, हे भातगिरणीच्या मालकाला काय सांगायचं. कार्ड कपाळाला लावून त्यांनी खिशात ठेवलं आणि ते तिथंच पाऊण तास बोलले. भाषणात त्याग हा शब्द इतक्या वेळा आला की कर्णा गरम होऊन बंद पडला. मग कार्डं सुपात पसरली, लाल बाजू वर करून, आणि हेडमास्तरांनी नेम सांगितला, की खरवडायचं ते टेबलापाशीच, सगळ्यांच्या देखत.

संध्याकाळी शेवटचं कार्ड पारावरच्या एका म्हाताऱ्यानं खरवडलं. आभारी आहोत.

“मंग ट्रान्झिस्टर कुठं गेला?” गर्दीतून कुणीतरी विचारलं. मग सगळ्यांनीच विचारलं.

हेडमास्तर खुर्चीवर उभे राहिले. पण खुर्चीवर उभं राहून काही सुचत नाही, हे त्यांना वर गेल्यावर कळलं. शेवटी सर्जेराव उठले. त्यांनी ट्रान्झिस्टर काखेत घेतला. “चोर सापडेपर्यंत हा माझ्याकडे सुरक्षित राहील,” ते म्हणाले. “मला एवढंच सांगा, कार्डं रंगवायला मास्तरांच्या हाताखाली कोण होतं?”

मास्तरांच्या हाताखाली संघाची कप्तान बना ओव्हाळ होती. ती सुपामागेच उभी होती.

“पोरी, हात पुढं कर बरं.”

तिनं केले. दहाही नखं गेरूनं लाल होती.

२

रविवारनंतर आंबेखिंडीत लाल नखाचं माणूस शोधणं म्हणजे भातखाचरात चिखल शोधणं होतं. ज्यानं ज्यानं चार आणे दिले होते, त्याच्या त्याच्या नखात गेरू बसला होता. राखेनं घासूनही जात नव्हता. पण पुरावा म्हणून नखं पाहिली गेली ती एकाच मुलीची.

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तरांनी बनाला समोर उभं केलं. तिचं दप्तर झटकलं. त्यातून एक भाकरी, एक वही आणि खो-खोच्या नियमांचं पुस्तक पडलं. हेडमास्तर म्हणाले, की आपण कुणावर आरोप करत नाही, फक्त कप्तानपद काढून घेत आहोत, आणि कार्ड परत आलं नाही तर मुलगी पुण्याला जाणार नाही. मग सगळ्यांनी ‘खरा धर्म’ या विषयावरचा सुविचार ऐकला.

गावात चर्चा सभ्यपणे झाली. कुणी जात काढली नाही. “तिकडची पोरं, मोह होतोच बिचाऱ्यांना,” एवढंच म्हणाले, आणि ‘तिकडची’ म्हणताना हात बुद्धवाडीच्या दिशेला केला. ‘बिचाऱ्यांना’ म्हटल्यामुळे त्यांना आपण दयाळू असल्याचंही वाटलं.

हे सगळं आनंदराव शिळीमकरांच्या कानावर आलं. आनंदराव म्हणजे निवृत्त फौजदार. गावी परतून दोन वर्षं झाली होती. रविवारी त्यांनीही दहा कार्डं घेतली होती. नऊ वेळा आभार निघाले आणि एकदा कंगवा. फौजदारांच्या डोक्यावर एकही केस नव्हता. तेव्हापासून त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतंच. दप्तर झटकल्याचं ऐकलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी ताट सरकवलं.

“जेवून तरी जावा,” बायको म्हणाली.

“राग थंड होईल,” फौजदार म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

३

बनाचा बाप सावळाराम रस्त्याच्या गँगवर खडी टाकायला जायचा. त्या दिवशी तो कामावर गेला नव्हता. दारात बसून पोरीच्या वह्यांचा गठ्ठा सुतळीनं बांधत होता.

“हे काय चाललंय, सावळाराम?”

“पोरीला आत्याकडं धाडतो, साहेब. शाळा बास झाली.”

“पोरीनं शाळा सोडली तर लोक म्हणतील चोर पळाला.”

“न्हाई सोडली तरी म्हंत्यातच. मंग पायपीट कशापायी?”

बना आतून आली. डोळे कोरडे होते. फौजदारांनी खात्यात पुष्कळ रडणारी माणसं पाहिली होती. न रडणारी पाहिली की ते सावध होत.

“फौजदार, तुमी रिटायर झाला ना?” तिनं विचारलं. “का झडती घ्यायची राहिली?”

“बने,” बाप म्हणाला.

“विचारू दे तिला. झडती नाही, पोरी. हे बघ.” त्यांनी आपला हात पुढे केला. अंगठ्याचं नख लालभडक होतं. “माझंही लाल आहे. मला कुणी प्रार्थनेला उभं केलं नाही.”

बना पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघायला लागली.

“पहिल्या बक्षिसाचं कार्ड तू रंगवलंस?”

“म्या बघितलंसुदिक न्हाई. बाकीची सगळी म्या रंगवली. त्येवढं एक मास्तरांनी घरी केलं, वाळवलं आन शेवटाला गठ्ठ्यात घुसवलं. लाल कार्डात लाल कार्ड. कुठलं कुठं गेलं, मला काय ठावं?”

“हे तू हेडमास्तरांना सांगितलंस?”

“त्यांनी इचारलंच न्हाई. नखं दाखव म्हनले, म्या नखं दाखवली.”

गेरू लावणाऱ्या पोरीच्या नखात गेरू सापडला म्हणून तिला चोर ठरवलं होतं. या हिशेबानं भाकरी थापणारी प्रत्येक बाई पिठाची चोर होती.

“आणि कार्डांची पाठ? पाठीवर काय होतं?”

“लगीन. दुसरं काय? कुठं मामा, कुठं आत्याबाई, कुठं आहेर आणू नये.”

फौजदारांनी कोटाच्या खिशातून आपली दहा कार्डं काढली आणि एकेक उलटं केलं. मग वाटेत भेटेल त्याला थांबवून कार्डाची पाठ दाखवायला सांगितली. नवऱ्याचं नाव निघालं, नवरीचं निघालं, छापखान्याचा पत्तासुद्धा निघाला.

पत्रिकेच्या माथ्यावर जो असतोच असतो, तो मात्र एकाही कार्डावर नव्हता.

४

“मास्तर, गणपती कुठं गेले?”

सोपान मास्तर ब्रश धूत होते. त्यांच्या हातून ब्रश पडला. माणूस भला होता, म्हणजे कुणाचंही वाईट करायचा नाही आणि कुणाचं वाईट होत असेल तर मध्ये यायचा नाही.

“कसले गणपती?”

“प्रत्येक पत्रिकेच्या डोक्यावर एक गणपती असतो. तुम्ही एवढ्या पत्रिका कापल्या. एका माणसाच्या कार्डावर सोंड नाही की उंदीर नाही.”

शिपाई कोंडिबा दारात उभा होता. तो न विचारता बोलला. “नदीत सोडले की, साहेब. देव हाय, लोकांच्या पायाखाली येईल म्हनून मास्तरांनी वरचे तुकडे येगळे कापले. म्या परडीत घालून धरणाच्या पान्यात नेऊन सोडले.”

“सगळे?”

कोंडिबानं मास्तरांकडे पाहिलं.

“येक सोडून,” तो म्हणाला. “शुभ म्हनून त्यो पयल्या बक्षिसाला वापरला.”

आता फौजदार खाली बसले. सगळी कार्डं पुढून सारखी. पण एका कार्डाच्या पाठीवर गणपती होता, आणि हे ठाऊक असलेल्या माणसानं गठ्ठा उलटा चाळला तर ते कार्ड त्याला आपोआप सापडणार होतं. सुपात पसरल्यावर पाठी खाली गेल्या. गठ्ठा उलटा करून बघायची संधी फक्त त्याच्या आधी होती.

“हे आणखी कुणाला माहीत होतं?”

कोंडिबा म्हणाला, “अध्यक्ष सोता आल्ते की, शनिवारी. माझ्या लेकीच्या पत्रिकेवरचा देव तुडवला जाता कामा न्हाई म्हनले. तवा मास्तरांनी...”

“कोंडिबा, तू घंटा दे जा,” मास्तर म्हणाले.

“घंटंला टाइम हाय.”

“मग हौदाचं पाणी बघ.”

कोंडिबा गेला. फौजदार मास्तरांकडे वळले. “त्या पोरीनं पहिलं कार्ड पाहिलंही नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं. सोमवारी प्रार्थनेला तुम्ही कितव्या रांगेत उभे होता?”

“फौजदारसाहेब, माझी नोकरी अजून कायम नाही. अध्यक्षांची सही व्हायची आहे.”

“आणि पोरीची शाळा?”

मास्तरांनी पडलेला ब्रश उचलला आणि पुन्हा धुवायला घेतला. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

फौजदार तडक अध्यक्षांच्या भातगिरणीवर गेले. सर्जेरावांनी चहा मागवला, पोलीस खात्याचे दिवस कसे होते ते विचारलं आणि कपबशी स्वतः पुढे केली. कपबशी घेताना फौजदारांनी त्यांचा हात पाहिला. गावातल्या सगळ्या नखांत गेरू होता. ही दहा नखं मात्र सोललेल्या लसणासारखी होती.

“अध्यक्ष, तुमची भवानी खरवडली की नाही?”

“अहो, ते कार्ड कुठलं आता. सदरा धुवायला गेला, त्यात विरघळून गेलं असेल. आपलं काय, शाळेला हातभार. बाकी त्या पोरीचं वाईट वाटतं हो.”

चहा गोड होता. फौजदारांनी तो बशीत ओतला आणि तसाच ठेवून ते उठले. बाहेर आल्यावर ते गिरणीच्या भुशात उभे राहून स्वतःशी बोलले. कार्ड विरघळून गेलं असेल तर पुरावा संपला. कोंडिबा शिपाई, त्याचं कोण ऐकणार, आणि मास्तर कच्चा. बना शुक्रवारी घरीच बसणार.

मग त्यांना आपल्या बायकोची आठवण झाली. घरात कुठंही देवाचं चित्र असलेला चिटोरा सापडला की ती काय करते, ते आठवलं. उदबत्तीच्या रिकाम्या पुड्यावरची लक्ष्मीसुद्धा आज दोन वर्षं त्यांच्या घरात होती.

ते गिरणीकडून वळले आणि अध्यक्षांच्या परसदाराकडे गेले.

५

गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा झाली. विषय होता, झाल्या प्रकारावर पडदा टाकणे. पडदा अध्यक्षांनीच आणला होता आणि ट्रान्झिस्टरही आणला होता.

“मी मोठ्या मनानं सांगतो,” सर्जेराव म्हणाले, “मला पोलिसात जायचं नाही. ट्रान्झिस्टर पुढच्या वर्षी पुन्हा बक्षीस म्हणून ठेवू. मुलीला संघातून कमी करू, विषय संपला.”

असं एकदा दिलेलं बक्षीस दर वर्षी द्यायची सोय झाली होती. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

फौजदार उठले. “माझी एक शंका आहे. रविवारची सगळी कार्डं टेबलापाशी खरवडली गेली. त्यात ट्रान्झिस्टर निघाला नाही. म्हणजे तो न खरवडलेल्या कार्डात असणार. न खरवडलेलं कार्ड गावात एकच. अध्यक्ष, हात दाखवता?”

“कशाला?”

“पोरीनं दाखवले होते.”

सर्जेरावांनी हात पाठीमागे घेतले. तेवढ्यानं हॉलमधल्या सगळ्या माना उंच झाल्या, आणि मग ज्यानं त्यानं आपापल्या नखाकडे पाहिलं.

“कार्ड हरवलं म्हणून सांगितलं ना तुम्हाला. विरघळलं.”

“विरघळलं नाही. वहिनी, या पुढं.”

बायकांच्या बाजूनं पारूबाई उठल्या. अध्यक्षांची बायको सभेत कधी बोलली नव्हती, त्यामुळे सर्जेरावांना ती तिथं आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यांनी पदराआडून केळीच्या पानात ठेवलेलं कार्ड काढलं. पाठीवरच्या गणपतीला हळद होती, कुंकू होतं, जास्वंदीची पाकळी चिकटली होती.

“ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात घावला,” त्या म्हणाल्या. “म्या म्हनलं, देव हाय, धुन्याच्या पान्यात कुठं घालायचा? देव्हाऱ्यात ठिवला. रोज दोन फुलं वाहते. फौजदारभाऊजी म्हनले सभेला आणा, म्हनून आणला. का वो, काय झालं?”

सर्जेराव दाराकडे बघायला लागले.

“बना,” फौजदार म्हणाले, “खरवड.”

बना पुढे आली. तिनं कार्ड पानावरच उलटं केलं आणि लाल नखानं गेरू काढायला लागली. आधी दांडी निघाली. मग वाटोळी काट्याची तबकडी. मग एक एरियल, कार्डाच्या कोपऱ्यापर्यंत गेलेली. हॉलमध्ये नखाचा खरखर आवाज तेवढा येत होता.

“नशीब,” सर्जेराव म्हणाले. घसा साफ करून पुन्हा म्हणाले, “नशीब म्हणायचं. मी डोळे झाकून एक कार्ड घेतलं, तेच निघालं. मला काय माहीत? आणि खिशात आहे हे मी विसरलो.”

“कार्ड विसरलात. पोरगी मात्र लक्षात राहिली.”

“माहीत असल्याचा पुरावा काय?”

फौजदारांनी कोंडिबाकडे पाहिलं. कोंडिबा उठायला लागला. त्याच्या आधी दुसरंच कुणीतरी उठलं. सोपान मास्तर होते. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

“मीच सांगितलं होतं साहेबांना,” ते म्हणाले. “शनिवारी. फक्त पहिल्या बक्षिसावर गणपती ठेवलाय, असं. ते म्हणाले, छान केलंत. आणि बनानं ते कार्ड पाहिलेलंही नव्हतं. हे मला सोमवारीच सांगायचं होतं. सांगितलं नाही.” एवढं बोलून ते बसले नाहीत. तसेच उभे राहिले.

६

नंतर गावानं नेहमीचं काम सुरू केलं, म्हणजे मिटवामिटवी. अध्यक्ष आहेत, संस्था त्यांची आहे, झालं गेलं. सर्जेरावांचाही आवाज परत आला. “माझा हेतू वाईट नव्हता,” ते म्हणाले. “हा ट्रान्झिस्टर मी आत्ता या मुलीला देतो. बक्षीस म्हणून. घे, बाळ.”

हॉलमध्ये सुस्कारे सुटले. किती शोभून दिसणार होतं ते.

बनानं ट्रान्झिस्टरकडे पाहिलंही नाही. “नेम काय हुता, सर?” तिनं हेडमास्तरांना विचारलं. “ज्याचं कार्ड, त्याचं बक्षीस. कार्ड अध्यक्षांचं हाय. त्यांचं बक्षीस त्यांना द्या.”

“अगं, पण...”

“हार घालून द्या. बाकीच्यांना कंगवे बी टाळ्या वाजवून दिले.”

फौजदारांनी अध्यक्षांच्या स्वागताला आणून टेबलावर ठेवलेला हार उचलून हेडमास्तरांच्या हातात ठेवला. हेडमास्तरांनी आयुष्यात अध्यक्षांना पुष्कळ हार घातले होते. हा मात्र त्यांनी अध्यक्षांकडे न बघता घातला. मग सर्जेराव स्वतःचा ट्रान्झिस्टर काखेत घेऊन, गळ्यात हार घालून, हॉलच्या मधल्या वाटेनं दारापर्यंत गेले. दोन्ही बाजूंना माणसं होती. कुणी टाळी वाजवली नाही. पारूबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. त्या केळीचं पान घेऊन नदीकडे गेल्या.

सावळाराम एवढा वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो हेडमास्तरांपुढे आला.

“सर, माझ्या पोरीला प्रार्थनेला उभं केलं हुतं.”

“हो, ते चुकलंच. मी तुमच्या घरी येऊन...”

“घरी नगं. जिथं उभं केलं, तिथंच.”

शुक्रवारी सकाळी पोरं रांगा करून उभी राहिली. फाटकापाशी संघाच्या मुली नवे बूट घालून, पिशव्या घेऊन एस.टी.ची वाट बघत होत्या. बना त्यांच्या पुढे होती. तिची वेणी नीट बसली होती. एक कंगवा गावात रिकामाच पडून होता, तो फौजदारांनी सकाळीच पोचवला होता.

हेडमास्तर पायरीवर आले. त्यांनी चष्मा पुसला. बना ओव्हाळ निर्दोष आहे, तिच्यावर अन्याय झाला, तो मी केला, कप्तानपद तिचंच आहे, असं ते म्हणाले. ते पहिल्या रांगेलाच काय ते ऐकू गेलं.

खिंडीत एस.टी.चा हॉर्न वाजला. मुली फाटकाकडे वळल्या. बना वळली नाही.

“मागं ऐकू न्हाई आलं, सर,” ती म्हणाली.

हेडमास्तरांनी रस्त्याकडे पाहिलं. एस.टी. येऊन थांबली होती आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं. मग त्यांनी श्वास घेतला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. या वेळी ते भाटघरला ऐकू गेलं असावं.